नॉमिनीच्या रकान्यात

जर्सी सिटी
९ फेब्रुवारी २०२५

सई यांस,

पत्राच्या वर काय लिहावं हे ठरवण्यातच बराच वेळ गेला. आपण कधी भेटलो नाही. निहार आणि मी इथे एकाच विद्यापीठात शिकलो आणि २०१८ मध्ये पार्सिपनीच्या एकाच कंपनीत एकाच दिवशी लागलो. मी, निहार आणि गुरुदत्त. दोन वर्षांनी मी ती नोकरी सोडली, ते दोघे तिथेच राहिले. बर्फ उपसताना निहार कोसळला, हे मला गुरुदत्तनेच फोन करून सांगितलं. बत्तीस वर्षांच्या माणसाबद्दल असं काही ऐकल्यावर काय बोलायचं हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही कळत नाही. अंत्यविधीला मी येऊ शकले नाही. त्या दिवशी रस्ते बंद होते.

तुम्ही कोणाचाच फोन घेत नाही असं कळलं, म्हणून हाताने लिहिते आहे.

काम असं आहे. मंगळवारी मला एका विमा कंपनीचं पत्र आलं. निहारच्या कंपनीने त्याचा आयुर्विमा काढलेला होता, साधारण दोन वर्षांच्या पगाराएवढा. त्याच्या कागदावर, रक्कम कोणाला द्यायची त्या जागी, माझं नाव आहे. ते तिथे असायला नको होतं. ती रक्कम तुमची आणि अनिकाची आहे आणि ती तुम्हालाच मिळेल हे मी बघेन. तुम्ही याची कसलीही काळजी करू नये एवढ्यासाठीच लिहिलं. अशी कागदपत्रं मी लहानपणापासून केली आहेत.

आपली,
शरयू


श्रूजबरी
१८ फेब्रुवारी २०२५

शरयू यांस,

तुमचं पाकीट माझ्या सासऱ्यांनी फोडलं. ते साताऱ्याहून आले आहेत, दारात पडणारं टपाल तेच उचलतात. तेवढंच एक काम त्यांना इथे सापडलंय. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि मग माझ्यापुढे ठेवलं.

तुमची काहीतरी गल्लत झाली आहे. निहारच्या इन्शुरन्सवर मी आहे. माझ्याकडे कार्ड आहे, त्यावर माझं नाव आहे, अनिकाचंही आहे. मागच्या वर्षी तिचा कान फुटला तेव्हा दवाखान्यात तेच दाखवलं. शिवाय निहारने दिवाळीत मृत्युपत्र केलंय. दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, सगळं आहे. जे असेल ते सगळं मला, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मग यात तुमचं नाव कुठून आलं?

बाबांनी हेच विचारलं. "बायको असताना परक्या बाईच्या नावाने कागद कसा येतो?" मी म्हटलं, कंपनीची चूक असेल. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढला की त्यांना पुढचं ऐकायचं नसतं.

पाच वर्षांच्या संसारात तुमचं नाव मी दोनदा ऐकलं. एकदा जुन्या फोटोत तुम्ही होतात म्हणून. दुसऱ्यांदा ऑगस्ट बावीसमध्ये, अनिका पाच दिवसांची होती. निहारने तुम्हाला फोन लावला आणि तो बाहेर गाड्यांपाशी जाऊन बोलत राहिला. मी खिडकीतून बघत होते, टाके दुखत होते म्हणून उभी होते. आत आला तेव्हा हसत होता. मी विचारलं, काय रे एवढं? तर म्हणाला, "काही नाही. एक काम मिटलं."

कसलं काम होतं ते?

फोन करू नका. घर माणसांनी भरलंय. पत्र तरी मला एकटीला वाचता येतं. यापुढे टपाल मी स्वतः आणते.

सई


जर्सी सिटी
२७ फेब्रुवारी २०२५

सई यांस,

तुमचं पत्र मिळालं. तुमच्याकडचं कार्ड आजारपणाच्या विम्याचं आहे. दवाखाना, औषधं, तपासण्या. त्यात निहारने लग्नानंतर तुमचं आणि नंतर अनिकाचं नाव घातलं, ते बरोबरच आहे. पण आयुर्विमा निराळा. दोन्ही एकाच कंपनीतून मिळतात, पगारातूनच जातात, म्हणून सगळ्यांना ते एकच वाटतात. एकात नाव घातलं की दुसऱ्यात आपोआप जात नाही.

मृत्युपत्राचंही मी विचारलं. विमा कंपनीच्या बाईने मला दोनदा समजावून सांगितलं. मृत्युपत्र त्याच्या मालकीच्या गोष्टींना लागू होतं. विम्याची रक्कम त्यात येतच नाही, ती थेट त्या रकान्यातल्या माणसाकडे जाते. लग्न झालं, मूल झालं, तरी कागदावरचं नाव बदलत नाही. तो कागद माणसाने स्वतः बदलावा लागतो.

मी आधी ठरवलं होतं की रक्कम घ्यायची आणि तुमच्या खात्यात भरायची. त्यापेक्षा साधा मार्ग निघाला. मी लेखी नकार दिला तर, त्यांच्या नियमाप्रमाणे, दुसरं नाव नसल्यामुळे रक्कम पत्नीकडे जाते. सोमवारी मी बँकेत नोटरीपुढे सही करून नकार पाठवला. आता तो मला परत घेता येणार नाही. तुमच्याकडे एक अर्ज येईल, त्यावर तुमची सही आणि मृत्यूचा दाखला हवा. एवढंच उरलंय.

माझं नाव तिथे आलं कारण तेव्हा निहार या देशात फारसा कोणाला ओळखत नव्हता. त्या फोनबद्दल विचारलंत. कामाचंच बोलणं होतं.

आपली,
शरयू


श्रूजबरी
३० मार्च २०२५

शरयू यांस,

अर्ज येऊन तीन आठवडे झाले. मी सही केलेली नाही.

कपाट आवरताना निहारची निळी फाईल सापडली. त्यात तुम्ही म्हणता त्या कागदाची झेरॉक्स आहे. जून २०१८. सही निहारची आहे, पण वरचा एकही शब्द त्याच्या हातचा नाही. त्याचं अक्षर माहीत आहे ना तुम्हाला, कोंबडीचे पाय. हे अक्षर वळणदार आहे. सातला आडवी रेघ आहे. तुमच्या पाकिटांवरचे इंग्रजी पत्ते मी शेजारी ठेवून पाहिले. तुमच्या सातलाही आहे.

त्या कागदावर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. ती मात्र त्याच्या हातची: "तलाठीणबाईंच्या कृपेने." खाली हसरा चेहरा.

नवऱ्याने एखाद्या बाईला ठेवलेलं लाडाचं नाव त्याच्या बायकोला सात वर्षांनी चिठ्ठीवर सापडावं, यात तुम्हाला काय वाटतं, मला माहीत नाही. मला काय वाटलं ते मी लिहीत नाही.

आणखी एक. गुरुदत्त अंत्यविधीला पार्सिपनीहून गाडीने आला होता. त्याला मी परवा विचारलं. रस्ते बंद नव्हते.

आता माझी परिस्थिती सांगते, म्हणजे मी रुसून बसले आहे असं तुम्हाला वाटणार नाही. माझा व्हिसा निहारच्या नोकरीवर होता. वकिलाने सांगितलंय, मेअखेर निघायचं. साताऱ्यात दिरांनी मागची खोली आमच्यासाठी रिकामी केली आहे. जाऊबाईंनी व्हिडिओवर दाखवली. "बघ, पंखा नवीन बसवलाय," म्हणाल्या. चांगली आहेत माणसं. पण त्या खोलीत एकदा गेले की माझ्या आणि अनिकाच्या प्रत्येक गोष्टीचा निर्णय पुढच्या खोलीत होणार. हे पैसे मिळाले तर मी स्वतःचं घर करू शकते, अर्धवट राहिलेलं बी.एड. पुरं करू शकते. त्याचं मोल मला कळतं.

तरीही मी सही करणार नाही. बाबा म्हणाले, "देणारी का देते आहे ते आधी विचार. माणूस ओझं झालं की टाकतो." तुम्ही कशाचं ओझं टाकताय? ते कळल्याशिवाय ते पैसे मी घरात आणले तर रोज त्या पैशांचा भात शिजवताना मी तेच विचारत बसेन. अनिका मोठी होऊन विचारेल तेव्हा मला उत्तर हवंय.

खरं असेल ते लिहा. वाईट असलं तरी चालेल.

सई


जर्सी सिटी
६ एप्रिल २०२५

सई,

अक्षर माझं आहे. रस्ते उघडे होते. मी आले नाही, कारण मला तुमच्यासमोर उभं राहता आलं नसतं. विमा कंपनीचं पत्र नंतर आलं, पण निहार गेला हे कळलं त्याच मिनिटाला मला तो कागद आठवला होता.

तुम्हाला जे वाटलं ते खरं नाही. जे खरं आहे ते सांगायला मला त्याहून जास्त लाज वाटत होती, म्हणून तुमचा गैरसमज होतो आहे याचा अंदाज येऊनही मी गप्प राहिले.

माझे वडील लासलगावच्या बाजार समितीत हमाल आहेत. कांद्याची पोती उचलतात. आई सही करते, वाचत नाही. आमच्या घरात, दोन्ही बाजूंनी, कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पण त्याच्या खूप आधी, सातवीपासून, आमच्या गल्लीतले सगळे फॉर्म मी भरत होते. रेशन कार्ड, पोस्टाचं खातं, पतसंस्था, विमा. शाळेतून आले की ओट्यावर दोन-तीन माणसं बसलेली असायची. बायका माझ्यासाठी बोरं आणायच्या. मोठी माणसं मला "अहो" म्हणायची, आणि मला ते फार आवडायचं.

एकदा शेजारचे एक आजोबा वारले. पोस्टातल्या पैशांवर थोरल्याचं नाव होतं, तो म्हणाला सगळं माझं. धाकट्या दोघांनी तलाठ्याला बोलावलं. तलाठी म्हणाला, "नॉमिनी मालक नसतो. नॉमिनी राखणदार असतो. पैसे वारसांचे." ते वाक्य मी पाठ केलं. पुढे प्रत्येक फॉर्म भरताना मी ते लोकांना ऐकवायचे.

आता पार्सिपनी. पहिला दिवस, मोठी मीटिंग रूम, टेबलावर नाश्त्याला बेगल. एचआरच्या बाईने तिघांना जाड फोल्डर दिलं आणि तीन वाजेपर्यंत भरून द्या म्हणाली. निहार कंटाळून माझ्याकडे सरकला.

"शरयू, तू भर यार माझा. मी सही करतो."

त्या रकान्यापाशी आल्यावर तो म्हणाला, "इथे आईचं नाव टाक."

"आईचा सोशल सिक्युरिटी नंबर कुठे आहे? इथल्या सरकारचा नंबर मागितलाय बघ."

"मग ब्लँक ठेव."

"ब्लँक ठेवला की फॉर्म परत येतो. माझं टाकते, माझा नंबर आहे."

"वा. म्हणजे मी मेलो की तू क्रूझवर."

"वेड्या, नॉमिनी मालक नसतो, राखणदार असतो. पैसे तुझ्या आईलाच जाणार. मी फक्त नेऊन देणार."

"हे कोणी सांगितलं तुला?"

"आमच्या तलाठ्याने."

गुरुदत्त एवढा हसला की एचआरच्या बाईने दारातून डोकावून पाहिलं. तेव्हापासून मी तलाठीणबाई. त्या मीटिंग रूममध्ये माझ्या फॉर्मवर मी गुरुदत्तचं नाव घातलं आणि गुरुदत्तच्या फॉर्मवर निहारचं. तिघांचे फॉर्म माझ्याच अक्षरात होते. मला अभिमान वाटला होता. तो नंबर नसता तरी चाललं असतं, हेसुद्धा मला आता, या फेब्रुवारीत, समजलं. आणि राखणदाराचा नियम इथे नाहीच. इथे रकान्यातला माणूस मालक होतो.

हे एवढंच असतं तर मी पहिल्याच पत्रात लिहिलं असतं. अज्ञान होतं, चोवीस वर्षांची होते, असं म्हणता आलं असतं.

ऑगस्ट बावीसचा तो फोन. त्याने बाहेर जाऊन केला, कारण तुम्ही बाळंतीण होतात आणि मरणाबिरणाचं बोलणं त्याला घरात नको होतं. तो म्हणाला, "शरयू, लेक झाली. आणि अगं, त्या जुन्या फॉर्मवर अजून तुझं नाव आहे. बदलायला लागेल का? ऑफिसच्या साइटवर जाऊन काहीतरी करावं लागेल बहुतेक." मी तेव्हा दुकानात रांगेत उभी होते. मी म्हटलं, "लग्न झालंय ना तुझं? मग आपोआप बायकोचं होतं. डोक्याला त्रास करून घेऊ नकोस." मला ते माहीत नव्हतं, सई. मी कुठे वाचलं नव्हतं, कोणाला विचारलं नव्हतं. फक्त त्याने विचारलं, आणि मला विचारलं की उत्तर आलंच पाहिजे अशी माझी समजूत होती. पुढचा सगळा वेळ त्याने अनिकाचं वर्णन केलं. तिच्या कानाच्या पाळ्या तुमच्यासारख्या आहेत म्हणाला. म्हणून तो हसत आत आला.

"एक काम मिटलं" म्हणाला ना, ते हे काम.

त्याला बदलायचं होतं. तुमचंच नाव घालायचं होतं. त्याला मी थांबवलं.

हे ओझं आहे. पैसे नाकारून ते जाईल असं मला वाटलं होतं. जात नाही. सही करा किंवा करू नका, पण निहारमुळे अडून बसू नका. त्याने काही केलेलं नाही.

शरयू


श्रूजबरी
२१ एप्रिल २०२५

शरयू,

पत्र मी दोन दिवस एकटीनेच पुन्हा पुन्हा वाचलं. तिसऱ्या दिवशी बाबांना वाचून दाखवलं, सगळं. बोरांपासून फोनपर्यंत. ते मध्ये एकदाच बोलले. "म्हणजे त्याने आधी आईचं नाव सांगितलं होतं?" मी म्हटलं, हो. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. बाबांनी ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. त्यांनी चष्मा काढला नाही.

मग म्हणाले, "सही कर. पोरीचं आहे ते."

मी केली. गेल्या सोमवारी अर्ज पाठवला.

तुम्हाला माफ केलं असं लिहावं, असं तुम्हाला वाटत असेल. मला ते येत नाही. महिनाभर मी मेलेल्या माणसाशी भांडत होते. त्याचे शर्ट घडी करताना भांडले, अनिकाला त्याच्यासारखी भुवई उडवताना पाहिलं की भांडले. तो उत्तर देऊ शकत नव्हता आणि उत्तर तुमच्याकडे होतं. तुम्ही ते दिलं असतं तर तो महिना मला त्याच्यासाठी रडायला मिळाला असता. फॉर्म चुकला याचा राग मला फारसा नाही. फॉर्म माझाही चुकला असता. कार्ड दाखवून मीच तुम्हाला धडा शिकवायला निघाले होते. राग आहे तो त्या महिन्याचा. तो कधी जाईल ते मी आत्ता सांगणार नाही.

कानाच्या पाळ्यांचं मला माहीत नव्हतं. तो मला तसं कधी म्हणाला नाही. ते लिहिलंत, बरं केलंत.

आमची तिकिटं अठ्ठावीस मेची आहेत. मागच्या खोलीत काही महिने राहीन, मग स्वतःचं बघेन. जाऊबाईंना सांगितलंय. त्यांना वाईट वाटलं, पंख्याचं तर जास्तच.

आता मी तुम्हाला एक विचारते. तुमच्या पत्रातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. गुरुदत्तच्या कागदावर निहारचं नाव आहे. तो त्याच कंपनीत आहे. त्याला अदिती आहे, दोन मुलगे आहेत. फेब्रुवारीपासून तुम्हाला हे सगळं माहीत आहे.

तुम्ही अदितीला सांगितलंत?

सई


जर्सी सिटी
४ मे २०२५

सई,

नव्हतं सांगितलं. तुमचं पत्र आल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की मी तीन महिने फक्त माझी चूक निस्तरत होते.

काल शनिवारी पार्सिपनीला गेले. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दोघांना सगळं सांगितलं, तुम्हाला लिहिलं तसंच, फोनसकट. अदिती कणीक मळत होती, तिचा हात थांबला. गुरुदत्त म्हणाला, "काहीतरीच काय? लग्न झालंय, दोन पोरं आहेत. ऑटोमॅटिक होतं गं ते." अगदी माझेच शब्द. मी लगेच म्हटलं, लॅपटॉप आण.

पासवर्ड सापडायला वेळ लागला. मग ते पान उघडलं. रकान्यात निहारचं नाव होतं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. नातं: मित्र. अदिती कणकेच्या हातांनी मागे येऊन उभी राहिली आणि तिने ते वाचलं. तीही तुमच्यासारखीच म्हणाली, "पण माझ्याकडे कार्ड आहे."

गुरुदत्तने सवयीने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "तूच भर, तलाठीणबाई." मी तो अदितीसमोर ठेवला. तिने हात धुतले आणि स्वतःचं नाव स्वतः घातलं. खाली आणखी एक जागा होती, दोघांनाही काही झालं तर कोण, त्यासाठी. "मुलांची नावं चालतील का गं? लहान आहेत," तिने विचारलं. माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही. सोमवारी त्यांच्या ऑफिसला फोन करून विचारू." गुरुदत्तने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने माझ्या तोंडून ते ऐकलं नव्हतं.

शेवटी जुनं नाव काढायचं होतं. पडद्यावर प्रश्न येतो, खरंच काढायचं का. गुरुदत्तने बोट नेलं आणि परत घेतलं. पुन्हा नेलं. मग उठून खिडकीशी गेला, मुलं खाली सायकल चालवत होती तिकडे बघत उभा राहिला. त्याच्याने ते होईना. माझ्यानेही झालं नसतं.

अदितीने त्याला विचारलं, "काढू?"

तो मागे न वळता "हं" म्हणाला. तिने काढलं.

शरयू